अवधान त्रुटी विकारातील उत्तेजक औषधोपचाराचा प्रारंभिक काळ : दुष्परिणाम व त्यांचे नियोजन (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

वर्गात शांत बसलेला, परंतु मनाने वर्गात नसलेला विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या परिचयाचा असतो. अशा काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत आळस किंवा अनास्था नव्हे, तर अवधान त्रुटी विकार हे कारण असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1980 मध्ये या विकारास 'एडीडी' हे नाव मिळाले व 1987 मध्ये ते 'एडीएचडी' असे बदलले. अतिचंचलता नसलेला प्रकारही आज याच नावाखाली गणला जातो. निदान झाल्यानंतर मनोविकारतज्ज्ञ अनेकदा उत्तेजक औषध सुचवितात. प्रस्तुत लेखाचा विषय औषध द्यावे की न द्यावे हा नसून ते सुरू केल्यानंतरचे पहिले काही आठवडे हा आहे. दुष्परिणाम याच काळात सर्वाधिक जाणवतात आणि डॉक्टरांना न विचारता औषध बंद करण्याचा मोहही याच काळात होतो.

औषधाची पार्श्वभूमी :

1937 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांची डोकेदुखी कमी व्हावी म्हणून बेंझेड्रिन दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. मुले मात्र अभ्यासात रमू लागली. पुढे 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझोन यांनी मिथिलफेनिडेट तयार केले. भारतात या विकारासाठी प्रामुख्याने हेच उत्तेजक औषध वापरले जाते. (ज्या औषधांचा हा उपयोग डोकेदुखीच्या निमित्ताने लक्षात आला, त्यांच्याच दुष्परिणामांत आज डोकेदुखी मोजली जाते, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.)

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत त्याचा समावेश आहे. विक्रेत्यास स्वतंत्र परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते व एक प्रत दुकानदारास दोन वर्षे जपावी लागते. त्यामुळे मंठा किंवा जाफ्राबादसारख्या ठिकाणी ते सहज मिळेलच असे नाही. जालना शहर अथवा सुमारे 60 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथे जावे लागू शकते. परिणामी गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढील चिठ्ठीची तजवीज करणे हासुद्धा उपचाराचाच भाग ठरतो.

दुष्परिणाम आणि घड्याळ :

भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, डोके वा पोट दुखणे, मळमळ, चिडचिड व नाडीचे ठोके वाढणे हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम होत. त्यांतील बहुतेक सौम्य असतात व काही आठवड्यांत कमी होतात. म्हणूनच मात्रा अल्प प्रमाणात, बालकांत बहुधा 5 मिलिग्रॅमपासून, सुरू करून साधारणतः आठवड्याच्या अंतराने वाढविली जाते. 'लवकर गुण यावा' म्हणून घरीच मात्रा वाढविणे सर्वथा अयोग्य होय.

येथे एक बाब समजून घेणे अगत्याचे आहे. साध्या गोळीचा अंमल तीन ते चार तास, तर दीर्घकाळ कार्य करणाऱ्या प्रकाराचा आठ ते बारा तास टिकतो. भूक आणि झोप यांच्या तक्रारी या अंमलाशी बांधलेल्या असतात; म्हणून औषध सोडण्यापूर्वी वेळ बदलून पाहणे हा पहिला उपाय ठरतो.

जिल्हा परिषद शाळेतील बालकाचे उदाहरण घेता येईल. अनेक शेतमजूर कुटुंबांत दुपारचा शालेय पोषण आहार हेच दिवसातील भरवशाचे जेवण असते. सकाळी दीर्घ अंमलाची गोळी घेतलेल्या मुलाच्या पुढ्यात नेमकी हीच खिचडी तशीच पडून राहते. शहरी पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत 'दुपारी कमी खाल्ले तरी रात्री भरून निघेल' असा दिलासा असतो. परंतु ज्या घरात रात्रीचेच अन्न बेताचे असते, तेथे हा दिलासा अपुरा पडतो. अशा वेळी साध्या गोळीचा पर्याय डॉक्टरांशी बोलून तपासावा. सकाळी नऊच्या सुमारास भाकरी-दूध खाल्ल्यानंतर घेतलेल्या गोळीचा अंमल एक वाजेपर्यंत ओसरतो व मूल जेवते. दुसरी गोळी असल्यास ती जेवणानंतर द्यावी. ती शाळेत द्यावयाची असल्याने मुख्याध्यापकांना विश्वासात घेणे आणि गोळी मुलाच्या दप्तरात न ठेवता शिक्षकांकडे कुलुपात ठेवणे आवश्यक ठरते. 'वेड्याची गोळी' असा शिक्का बसू नये, याची जबाबदारीही शिक्षकांवरच येते. अंमल ओसरल्यावर शेंगदाण्याचा लाडू, केळी, अंडे आणि झोपण्यापूर्वी दूध दिल्यास तूट बरीच भरून निघते.

दिवसातील शेवटची मात्रा सामान्यतः दुपारी चारनंतर नसावी. मात्र या मुलांची झोप औषधापूर्वीही पुष्कळदा विस्कळीत असते. म्हणून औषधाच्या आधीच्या आठवड्यातच झोप, भूक, डोकेदुखी व वजन यांची नोंद साध्या वहीत करावी, अन्यथा जुन्या तक्रारींचे खापरही गोळीवर फुटते. संध्याकाळी अंमल उतरताना काही मुले अधिक हट्टी व रडवेली होतात. 'गोळीने पोर बिघडले' हा निष्कर्ष बहुधा याच तासाभरात काढला जातो. वस्तुतः ही चिडचिड नेमकी किती वाजता होते, ही नोंद डॉक्टरांना मात्रा व वेळ ठरविण्यास उपयोगी पडते. याउलट मूल दिवसभर निस्तेज, अबोल दिसत असेल तर मात्रा जास्त झाली असण्याची शक्यता असते.

वाढीचा प्रश्नही दुर्लक्षणीय नाही. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या, 579 मुलांवरील अमेरिकन अभ्यासाच्या पुढील पाहणीत सतत औषध घेणाऱ्यांची उंची तीन वर्षांत अपेक्षेपेक्षा सुमारे 2 सेंटिमीटरने कमी भरली. आधीच कुपोषित असलेल्या बालकात म्हणूनच उंची-वजनाची नियमित नोंद अनिवार्य समजावी. वजन शक्यतो एकाच काट्यावर करावे.

महाविद्यालयीन विद्यार्थी :

प्रौढ वयात निदान झालेल्या विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी असते. दिवसातून पाच-सहा कप चहा, तंबाखू आणि जागरण यांच्या जोडीला हे औषध आले की धडधड व निद्रानाश वाढतो आणि दोष एकट्या गोळीला दिला जातो. पहिल्या आठवड्यांत चहा निम्म्यावर आणणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. नवरात्र, एकादशी अथवा रमजानचे उपवास असल्यास उपाशीपोटी मळमळ व डोकेदुखी वाढू शकते. गोळीची वेळ त्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. परीक्षेच्या काळात मित्राला 'एक गोळी' देणे हा प्रकार वसतिगृहात निरुपद्रवी भासतो. तथापि मिथिलफेनिडेट हे एनडीपीएस कायदा, 1985 खाली मनःप्रभावी द्रव्य असून मित्राच्या हृदयाचा इतिहास कोणासही ठाऊक नसतो.

तातडीची लक्षणे :

छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, धाप लागणे, भास होणे, टोकाचा संशय किंवा आत्मघाताचे विचार दिसल्यास पुढील गोळी न देता त्वरित डॉक्टरांना गाठावे. कुटुंबात कमी वयात आकस्मिक मृत्यू झाला असल्यास ती माहिती औषध सुरू होण्यापूर्वीच सांगावी. रात्री-अपरात्री मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 2022 पासून कार्यरत असलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे.

अंबड व घनसावंगी तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. दिवाळीच्या सुमारास ती कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाचे औषध स्थलांतराच्या ऐन तोंडावर सुरू केल्यास पहिल्या महिन्यातील तपासणीच होत नाही. ते पावसाळ्यात, कुटुंब गावी असताना सुरू करणे सोयीचे ठरते; आणि निघताना चिठ्ठीची प्रत व नोंदींची वही आईच्या पिशवीत गेली, तर कारखान्याजवळच्या डॉक्टरांना वजन, नाडी आणि रक्तदाब कोठून मोजावयास सुरुवात करावी हे कळते.