अंगणात उटकटारा, पण जपून

पावसाळा सरला की माहूरच्या मुरमाड उतारांवरचा ओलावा लवकर आटतो. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना फुलझाडांना पाणी कुठून घालायचे? अशा अंगणाला सूर्यफुलाच्या कुळातला, आपल्याच मातीतला उटकटारा शोभतो. माळरानावर, बांधावर थंडीत दिसणारा त्याचा निळसर-पांढरा काटेरी गोळा म्हणजे एक फूल नव्हे, तर अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. त्यावर मधमाश्या येतात.

त्याचे सोटमूळ खोल जाते. त्यामुळे मोठे झाड उपटून आणू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला भरपूर उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी थेट बी पेरावे. रोप धरले की पाणी-खताची फारशी गरज नसते. बी सगळीकडे पसरू नये म्हणून वाळलेले गोळे वेळीच कापावेत.

मात्र जागा कुंपणालगतची निवडावी. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर रुतलेला काटा कळतही नाही आणि किरकोळ जखम चिघळून गँगरीनपर्यंत जाऊ शकते. अशा रुग्णांनी अनवाणी फिरू नये, रोज रात्री तळपाय पाहावेत. काटा रुतल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. गाजर गवताने अंगाला खाज सुटणाऱ्यांनी हे झाड हाताळू नये. कूळ एकच असल्याने पुरळ उठू शकते. मुळीचा काढाही मनाने घेऊ नये, गरोदरपणात तर नाहीच.