वर्गणी संपते कधी?

मराठीत 'वर्गणी' या शब्दाला मुदत चिकटलेली असते. मासिकाची वर्गणी वर्षाची. वर्ष सरले की 'वर्गणी संपली' असे कळवले जाते आणि पुढे भरायची की नाही ते वर्गणीदार ठरवतो. गणेशोत्सवाची वर्गणी त्या वर्षापुरती. भिशीसुद्धा ठरलेल्या हप्त्यांनी संपते. टीव्हीची वर्गणी तेवढी या रिवाजात बसत नाही. ती सुरू करायला एक फोन पुरतो. बंद करायची म्हटली तर कोणाला सांगायचे, कशाने सांगायचे आणि सांगितल्याचा पुरावा काय, इथूनच प्रश्न सुरू होतात. या अडचणीचे कारण बहुतेकदा माणसांच्या उद्धटपणात शोधले जाते. प्रत्यक्षात ते या धंद्याच्या बांधणीत आहे. ही बांधणी गेल्या पस्तीस वर्षांत तीनदा बदलली आणि प्रत्येक वेळी बंद करण्याची अडचणही वेगळी झाली.

टपाल कचेरीपासून केबलवाल्यापर्यंत

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा टीव्ही बाळगायला परवाना लागे. त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे आणि भरल्याची नोंद पुस्तिकेत होई. १९८०च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत रद्द झाली. त्या काळी पैसे घेणारा एक, नोंद ठेवणारा तोच आणि पुस्तिका घरात. हिशेब कसा मिटवायचा, याबद्दल संदिग्धता नव्हती.

१९९१मध्ये आखाती युद्धाची चित्रे आणि स्टार टीव्ही आले, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. त्यांच्यासाठी कायदा झाला तो १९९५ साली. गंमत अशी, की केबलवाल्याची नोंदणीही मुख्य टपाल कचेरीतच होत असे. ती ऑनलाइन झाली २०२५च्या जानेवारीत. प्रेक्षकाचा परवाना टपालातून केव्हाच गेला, केबलवाल्याचा मात्र तिथे तीस वर्षे टिकला.

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या गावात या व्यवस्थेचा अर्थ नीट कळतो. एका अंगाला जासई, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा आणि शेजारी उलव्याचे मनोरे. सिडकोच्या भूसंपादनाने आणि १९८९मध्ये सुरू झालेल्या बंदराने या पट्ट्यातली शेती आणि मिठागरे मागे सारली. पण गावठाणातली घरे आणि भावकी जागेवर राहिली. अशा ठिकाणी केबलवाला हा परका व्यापारी नसतो. तो कोणाचा तरी पुतण्या असतो, पावसात तार तुटली तर रात्री खांबावर चढतो, एखाद्या महिन्याचे पैसे राहिले तर 'पुढल्या महिन्यात द्या' म्हणतो. अशा माणसाला 'उद्यापासून नको' म्हणणे म्हणजे व्यवहाराबरोबर ओळखही मोडणे. म्हणून पुष्कळ घरे नको असलेली केबल वर्षानुवर्षे चालू ठेवतात. ही अडचण कोणत्याही नियमात सापडणार नाही, पण ती खरी आहे.

त्याला दुसरी बाजूही आहे. व्यवहार तोंडी असल्यामुळे बंद केल्याचा कागद नसतो. वही केबलवाल्याकडे. त्यात मागची बाकी दाखवली तर खोडून काढायला आपल्याकडे पावत्या लागतात, आणि पावती मागणे हाच ओळखीच्या माणसावर अविश्वास मानला जातो.

डबा आल्यावर

मग डिजिटल प्रसारण आले. केबलचे डिजिटलीकरण चार टप्प्यांत झाले. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात होता. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१६ची वाढवून ३१ मार्च २०१७ केली गेली. ग्रामपंचायत असलेले गव्हाण या शेवटच्या टप्प्यातले.

या बदलाचा गाभा समजून घेतला पाहिजे. पूर्वी घरात तार आली की सगळे दिसे. आता चित्र कुलूपबंद होऊन येते आणि घरातला सेट टॉप बॉक्स ते उघडतो. प्रत्येक डब्याला क्रमांक असतो. कोणत्या डब्याने कोणत्या वाहिन्या उघडायच्या, हे दूरच्या केंद्रातली संगणकी नोंदवही ठरवते. ही नोंदवही गल्लीतल्या केबलवाल्याच्या हातात नसते. ती त्याच्या वरच्या मोठ्या वितरकाकडे असते. पैसे एकाला द्यायचे आणि नोंद दुसऱ्याकडे, अशी फाळणी इथे झाली. केबलवाल्याला सांगून तार काढून घेतली तरी वरच्या नोंदवहीत ग्राहक जिवंत असू शकतो; वर कळवले तरी खाली वहीत नाव राहू शकते. बंद करताना दोन्हीकडे कळवायला हवे, ते याच कारणाने.

डबा कोणाचा, हा त्यापुढचा प्रश्न. तो विकत घेतलेला असेल तर तो आपला. अनामत किंवा भाड्याने घेतलेला असेल तर परत करायचा आणि अनामत मागायची. हे ठरते जोडणी घेताना भरलेल्या अर्जावर. २०१७च्या नियमांप्रमाणे त्या अर्जाची प्रत ग्राहकाला मिळायला हवी. किती घरांत ती सापडेल, ते ज्याचे त्याने कपाट उघडून पाहावे.

विकत घेतलेला डबाही दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालत नाही. मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११पासून आहे. टीव्हीच्या बाबतीत, कोणताही डबा कोणत्याही सेवेला चालावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२०मध्ये केली. ती घराघरांत पोहोचलेली नाही. त्यामुळे कंपनी सोडली की डबा अडगळीत जातो. सोडायला शुल्क नसले तरी सोडण्याची किंमत अशी मोजावी लागते.

रिचार्ज संपला, ग्राहक संपला नाही

डिशवरच्या टीव्हीची तऱ्हा निराळी. खाजगी डिश सेवा आपल्याकडे २००३पासून आहे. पैसे आधी भरायचे, शिल्लक संपली की चित्र बंद. इथे बंद करण्यात अडचण ती काय, असे वाटेल. पण शिल्लक संपणे आणि जोडणी रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिचार्ज थांबवणारा ग्राहक ट्रायच्या मोजणीत १२० दिवसांपर्यंत तात्पुरता थांबलेला म्हणून ग्राहकांतच धरला जातो. त्याला सवलतीचे संदेश आणि 'परत या' असे फोन येत राहतात.

हे फोन का येतात, तेही उघड आहे. २०२०च्या सुमारास पैसे भरून डिश पाहणारे ग्राहक ७ कोटींच्या आसपास होते. २०२५पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. नवा ग्राहक मिळवण्यापेक्षा जुना टिकवणे स्वस्त पडते. म्हणून बंद करण्यासाठी केलेला फोन एका वेगळ्या विभागाकडे वळवला जातो. तिथल्या कर्मचाऱ्याचे काम जोडणी तोडण्याचे नसते, मन वळवण्याचे असते. तोही नोकरीच करत असतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तक्रार क्रमांक मागून घेण्यात आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. १ फेब्रुवारी २०१९पासून वाहिन्या निवडण्याची नवी पद्धत आली तेव्हा अनेकांना वाटले, की सशुल्क वाहिन्या काढल्या म्हणजे खर्च संपला. पण वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीचे मूळ शुल्क वेगळे होते: १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्यालाही ते द्यावे लागे. २०२०पासून घरातल्या दुसऱ्या टीव्हीला त्याच्या जास्तीत जास्त ४० टक्के आकारणीची मर्यादा आली. गव्हाणसारख्या गावात एका घरात तीन चुली आणि तीन टीव्ही असतात, तिथे हा फरक लहान नव्हता. जुलै २०२४मध्ये ट्रायने मूळ शुल्कावरची मर्यादा काढून दर कंपन्यांवर सोपवला. तात्पुरते बंद ठेवण्याच्या आणि जागा बदलण्याच्या शुल्काचेही तसेच झाले. ते जाहीर करण्याचे बंधन मात्र कंपन्यांवर आहे.

जागा बदलण्याचा मुद्दा इथे पुस्तकी नाही. नवी मुंबई विमानतळाच्या गाभ्यातली दहा गावे उठली, त्यांत तरघर, उलवे, कोंबडभुजे, गणेशपुरी ही याच परिसरातली. घर सुटते तेव्हा केबलची तार तिथेच राहते. डिशचा डबा सोबत नेता येतो, पण पत्ता बदलून घेतला नाही तर नोंदीतले घर जमिनीवर उरलेलेच नसते.

आपोआप वळते होणारे पैसे

तिसरी तऱ्हा उलव्याच्या मनोऱ्यांत जास्त दिसते: मोबाइल, इंटरनेट आणि मालिका-चित्रपट एकाच पॅकमध्ये, आणि पैसे दरमहा खात्यातून परस्पर. इथे काहीच केले नाही तर वर्गणी चालूच राहते. मासिकाच्या वर्गणीच्या बरोबर उलट. यावर रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१पासून बंधन घातले. पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे आणि ती परवानगी रद्द करण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. यूपीआयवरून दिलेली परवानगी त्याच अॅपमध्ये रद्द करता येते; कार्डावरची बँकेमार्फत. पैशाचा नळ कंपनीच्या दारात न जाता आपल्याच बाजूने बंद करता येतो, ही या तऱ्हेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट. मात्र बिल नंतर येणारी सेवा असेल तर नळ बंद केल्याने करार संपत नाही, थकबाकी साचते. तिथे रद्द केल्याचे कळवावेच लागते.

सगळ्यांत बिकट अवस्था होते ती नाव एकाचे आणि नंबर दुसऱ्याचा असतो तेव्हा. जोडणी वडिलांच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलाचा, आणि टीव्ही पाहते आई. वडील गेल्यावर आईने फोन केला की पलीकडून ओटीपी मागितला जातो. तो येतो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा पाळीवर असतो. पाहणारीला बंद करण्याचा अधिकार नाही आणि अधिकार असलेला माणूस उरलेला नाही. मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्ज करणे आणि बँकेलाही कळवणे, हा यातला सरळ रस्ता. त्याहून चांगला रस्ता म्हणजे घरातल्या जोडण्या कोणाच्या नावावर आणि कोणत्या नंबरवर आहेत, हे माणसे हयात असताना एका कागदावर लिहून ठेवणे.

दाद कुठे मागायची

इथे बरेच जण चुकीचे दार ठोठावतात. ट्राय नियम करते, पण एकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. दूरसंचार वादांचे दिल्लीतले अपील न्यायाधिकरणही वैयक्तिक ग्राहकासाठी नाही. पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र, दुसरी तिचा नोडल अधिकारी, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. गव्हाणच्या माणसासाठी तो आयोग अलिबागला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या तेरा प्रकारांत 'वर्गणीचा सापळा' हा एक आहे: रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे. जर्मनीने १ जुलै २०२२पासून संकेतस्थळावर करार संपवण्याचे स्पष्ट बटण सक्तीचे केले. आपल्याकडे सापळ्याला नाव मिळाले, बटणाची सक्ती अजून नाही. आणि बटण आले तरी केबलवाल्याच्या वहीला ते कुठे लावणार?

तोवर कागदच कामाचा. बंद करण्याची तारीख, ग्राहक क्रमांक आणि डब्याचा क्रमांक लिहून एक पत्र केबलवाल्याला द्यावे, तेच वरच्या वितरकाला किंवा कंपनीला ईमेलने पाठवावे. फोन केला तर तक्रार क्रमांक त्याच पत्रावर टिपून ठेवावा. डबा भाड्याचा असेल तर परत करताना पोच घ्यावी, आपला असेल तर तसे पत्रात नमूद करावे. खात्यातून पैसे जात असतील तर परवानगी रद्द करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. केबलवाला ओळखीचा असेल तर पत्र देताना चहा घ्यावा, पण पत्राच्या प्रतीवर सही घेतल्याशिवाय उठू नये.