हजार घोड्यांचा ताप

1997 साली जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये बसलेल्या एका गृहस्थांनी पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर एका इंजिनाचं चित्र काढलं. हे गृहस्थ म्हणजे फर्डिनांड पीएख, फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आणि हाडाचे इंजिनिअर. त्यांच्या चित्रातल्या इंजिनाला सिलिंडर होते चक्क 18! आपल्याकडच्या छोट्या मोटारींना तीन नाहीतर चार असतात. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनने बुगाटी हे फ्रान्समधलं जुनं, नामांकित नाव विकत घेतलं. पुढे 18 सिलिंडरचे 16 झाले आणि 2005 मध्ये बुगाटी व्हेरॉन तयार झाली. ताकद 1001 अश्वशक्ती, वेग ताशी 400 किलोमीटरच्याही वर.

आता तुम्ही म्हणाल, भरपूर सिलिंडर जोडले की झालं ताकदवान इंजिन, त्यात काय मोठंसं? पण मुलांनो, ताकद निर्माण करण्यापेक्षा ती सांभाळणं कितीतरी अवघड असतं. कसं, ते बघू या.

सिलिंडर म्हणजे धातूची पोकळ नळी. तिच्यात पिस्टन वर-खाली पळतो. आत हवा आणि पेट्रोल शिरतं, पिस्टन त्यांना दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि भडका उडतो. त्या भडक्याने पिस्टन खाली ढकलला जातो आणि क्रँकशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. दांड्याच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा भडका. व्हेरॉनचं इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या मारतं तेव्हा ताकद सर्वांत जास्त असते. म्हणजे सेकंदाला 100 फेऱ्या, दर सिलिंडरमध्ये 50 भडके, आणि सोळांचे मिळून 800. एका सेकंदात!

सोळा सिलिंडर एकामागे एक ठेवले असते, तर इंजिन लांबच लांब झालं असतं. म्हणून आठ-आठचे दोन गट केले आणि प्रत्येक गटात सिलिंडर एक इकडे, एक तिकडे असे नागमोडी बसवले. एवढं अजस्र इंजिन त्यामुळे साधारण 70 सेंटीमीटर लांबीत मावलं.

जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल जाळायला हवं, आणि जास्त पेट्रोल जाळायला जास्त हवा. ही हवा कोंबायला व्हेरॉनमध्ये चार टर्बो आहेत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने टर्बोचं एक चाक गरगर फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. पूर्ण जोरात असताना हे इंजिन मिनिटाला सुमारे 45,000 लिटर हवा ओढतं. फुकट जाणाऱ्या धुराकडूनच काम करून घ्यायचं, ही युक्ती मला फार आवडते.

पण सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. टर्बोतून आलेली हवाही तापलेली असते, आणि तापलेली हवा पसरते, मग सिलिंडरमध्ये कमी मावते. शिवाय अशा हवेत पेट्रोल कधी कधी भलत्याच वेळी, आपोआप पेटतं. असे अवेळी दणके पिस्टनची वाट लावतात. म्हणून टर्बोतली हवा आधी गार करतात, मगच आत सोडतात. आणि स्पार्क प्लग नुसती ठिणगी पाडून थांबत नाहीत. भडका उडाल्यावर आतल्या वायूतून किती वीज वाहते, हे त्यांच्यामार्फतच मोजलं जातं. एखाद्या सिलिंडरचं काही बिनसलं, की संगणकाला लगेच कळतं आणि तो ठिणगीची वेळ बदलतो.

आता येतो सगळ्यांत मोठा ताप. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा गाडी पळवण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन बसते. म्हणजे इंजिनाकडून 1001 अश्वशक्ती मिळावी म्हणून जवळपास 2000 अश्वशक्तीइतकी उष्णता बाहेर फेकावी लागते! हिशेब केला तर घरातले 2000 वॅटचे सातशेहून जास्त गीझर एकदम चालू केल्यासारखं झालं. ही उष्णता आतच राहिली तर धातूच वितळायला लागेल. काही उष्णता धुराबरोबर निघून जाते. उरलेलीसाठी व्हेरॉनमध्ये लहान-मोठे मिळून 10 रेडिएटर, म्हणजे वाऱ्याच्या मदतीने उष्णता घालवणारे भाग, बसवले आहेत. साध्या मोटारीत इंजिनाचं पाणी गार करायला एक पुरतो. इथे इंजिनाच्या पाण्याला वेगळे, इंजिनाच्या तेलाला वेगळा, गिअरच्या तेलाला वेगळा, टर्बोच्या हवेसाठी वेगळा! गाडीचा बाहेरचा आकारसुद्धा या सगळ्यांना वारा मिळेल असा घडवावा लागला. व्हेरॉनचं इंजिन पाठीमागे अर्धं उघडं दिसतं, तेही उष्णता निघून जावी म्हणूनच.

पेट्रोलची तहान तर विचारूच नका. सर्वोच्च वेगाने पळाली, तर 100 लिटरची टाकी सुमारे 12 मिनिटांत रिकामी.

2016 मध्ये व्हेरॉनची धाकटी बहीण शिरॉन आली. सिलिंडर तेवढेच, टर्बोही चारच, पण मोठे. ताकद थेट 1500 अश्वशक्ती. मग 2024 मध्ये बुगाटीने नवी तूरबियाँ दाखवली आणि तिच्यात टर्बो काढूनच टाकले! हे नवं 16 सिलिंडरचं इंजिन कॉसवर्थ या इंग्लंडमधल्या कंपनीबरोबर तयार केलं आहे. त्याची स्वतःची ताकद 1000 अश्वशक्ती, आणि मदतीला तीन विजेच्या मोटारी आहेत. टर्बो नसताना एवढी ताकद येते कुठून? इंजिन मोठं आहे, आणि फिरतंही जास्त वेगाने: मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत. मग त्यात सेकंदाला किती भडके होत असतील? वही घ्या आणि मांडा गणित.