जुन्या प्लेअरलाही वाजवता यावं म्हणून

इंदूरच्या आमच्या मंडळाकडे गणेशोत्सवातल्या कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्या एमपी३ करून घरोघरी पेनड्राइव्हवर द्यायचं काम सध्या माझ्याकडे आहे. अट एकच: आजी-आजोबांच्या पंधरा वर्षं जुन्या प्लेअरवरही ते वाजलं पाहिजे आणि पूर्वरंगाआधी उत्तररंग लागता कामा नये.

एमपी३मध्ये मुळात नुसता आवाज. गाणं कुणाचं, हे लिहायला ठरलेली जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेवटी १२८ बाइटची चिठ्ठी जोडली. बाइट म्हणजे साधारण एका रोमन अक्षराची जागा. नाव, कलाकार, अल्बम आणि शेरा यांना तीस-तीस, सालाला चार. चिठ्ठी शेवटी असल्यामुळे जुना प्लेअर आवाज नीट वाजवून मोकळा होतो. फार तर शेवटी जराशी खरखर.

त्यात क्रमांकाला जागा नव्हती. पुढच्याच वर्षी मायकेल मुच्लर यांनी शेऱ्याचे शेवटचे दोन बाइट घेतले. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात क्रमांक. जुनं सॉफ्टवेअर वाचताना शून्यापाशी थांबतं, त्यामुळे पुढचा क्रमांक त्याला दिसत नाही. नवं नेमकं तिथेच बघतं. चिठ्ठी १२८ बाइटचीच राहिली. भाड्याच्या घरात भिंत न पाडता कोनाडा वापरावा, तसं हे. मला तरी यापुढे सगळी मोठी सुधारणा फिकी वाटते.

पण मराठीची अडचण उरतेच. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘कीर्तन भाग पहिला’ एवढ्यालाच ४४ होतात. १९९८ च्या नव्या चिठ्ठीत जागा भरपूर, पण ती फाइलच्या सुरुवातीला असते. जुन्या प्लेअरला तिची लांबी सांगणारे आकडेच आवाज वाटू नयेत, म्हणून त्यातल्या प्रत्येक बाइटचा पहिला बिट मुद्दाम शून्य ठेवलाय. एमपी३च्या आवाजाची खूण म्हणजे सलग अकरा एक. ती तिथे जुळूच शकत नाही.

एकाच फाइलमध्ये दोन्ही चिठ्ठ्या राहू शकतात. म्हणून मी पुढच्या चिठ्ठीत देवनागरी लिहितो, मागच्या चिठ्ठीत रोमन. काही प्लेअर फाइलच्या नावावरूनच क्रम लावतात, तेव्हा नावाआधी ०१, ०२ हेही घालतो.

तुमच्याकडच्या कॅसेटी द्याल तेव्हा डबीतला कागदही द्या. बुवांचं नाव आणि साल बहुतेकदा त्यावरच असतं.