जोडीदाराचा हिस्सा विकत घ्यायचाय, पण कमाई कमी? आधी हा हिशोब करा



आपण इथे नेहमी धंद्याच्या पैशांबद्दल बोलतो. आज घराबद्दल बोलू या, कारण घर फुटतं तेव्हा पहिला फटका धंद्याला बसतो.

समजा, डोंबिवली पूर्वेला तुमचं वन बीएचके आहे. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं. आता संसार वेगळा होतोय. तो म्हणतो, "घर तू ठेव, माझा हिस्सा दे." तुमचं डब्यांचं काम आहे आणि सगळा खर्च जाऊन महिन्याला 32,000 रुपये उरतात. (तुम्ही पुरुष असाल आणि ती हिस्सा मागत असेल, तरी हिशोब हाच.)

अशा वेळी हात आधी कुठे जातो? किराण्यासाठी ठेवलेल्या पैशांकडे. मग सोनं, मग एखादं मुद्रा कर्ज. थांबा! हप्ता धंदाच भरणार आहे. भांडवल भिंतीत घातलं तर वर्षभरात धंदाही जातो आणि घरही. मुद्रा कर्ज तर धंद्यासाठीच असतं, ते इथे आणायचंच नाही.

पायरी 1: हिस्सा नीट मोजा

घराची किंमत 36 लाख धरू. म्हणजे त्याला 18 लाख द्यायचे का? नाही. आधी बाकी कर्ज वजा करा. कर्ज 16 लाख बाकी असेल तर शिल्लक 20 लाख आणि अर्धा हिस्सा 10 लाख. डाऊन पेमेंट कोणी भरलं, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, त्याची स्टेटमेंटं काढून ठेवा. बोलणी करताना ती उपयोगी पडतात.

त्यात खर्च मिळवा. पैसे घेऊन केलेल्या हक्कसोडपत्रावर सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारभावाप्रमाणे मुद्रांक शुल्क लागतं. ते पूर्ण घरावर नाही, अर्ध्यावर. इथे लाख-सव्वा लाख धरून चाला. नेमका दर आणि सवलत मात्र वकिलाकडून तपासून घ्या. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

एकूण गरज: जुनं कर्ज 16, हिस्सा 10 आणि खर्च सव्वा लाख. म्हणजे सव्वा सत्तावीस लाख.

पायरी 2: बँकेच्या चष्म्यातून स्वतःकडे बघा

30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे घर आडवं येत नाही. आडवी येते कमाई. साधारण निम्म्या उत्पन्नापर्यंत हप्ता बँक मान्य करते. 16,000 रुपयांच्या हप्त्यावर 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी पावणेअठरा लाख मिळतील, 30 वर्षांसाठी जवळपास 20 लाख.

पण तुमचे 32,000 बँकेला दिसतात का? खरी मेख इथे आहे. छोट्या धंद्याला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: रोख उलाढालीच्या 8 टक्के, डिजिटल उलाढालीच्या 6 टक्के नफा दाखवला तरी चालतो. वर्षाची उलाढाल 9 लाख, सगळी यूपीआयने, आणि 6 टक्केच दाखवले तर कागदावर उत्पन्न 54,000. म्हणजे महिन्याला साडेचार हजार! त्यावर कोण कर्ज देणार?

कमाई खरोखर जास्त असेल तर खरी दाखवा. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मग लपवून मिळवलं काय? बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, म्हणून वेगळं चालू खातं, उद्यम नोंदणी (ती मोफत असते) आणि विवरणपत्र, तिन्ही कामं आजच सुरू करा.

पायरी 3: उरलेला खड्डा भरा

20 लाख मिळाले तरी सव्वासात लाख कमी पडतात. मार्ग असे:

- सहकर्जदार घ्या. आई, भाऊ किंवा कमावता मुलगा. त्यांच्या 10,000 रुपयांच्या हप्त्याच्या ताकदीवर 20 वर्षांसाठी सुमारे 11 लाख वाढतात. पण हप्ता चुकला तर जबाबदारी त्यांच्यावरही येते, हे आधी घरात स्पष्ट बोला.
- पोटगीतून वळती करा. परस्पर संमतीने घटस्फोट होत असेल तर तुमची एकरकमी पोटगी त्याच्या हिश्श्यातून वजा करून घेता येते. संमतीच्या अटींमध्ये ते लिहून घ्या. मुलांच्या खर्चावर मात्र पाणी सोडू नका, तो हक्क त्यांचा आहे.
- हप्त्याने द्या. काही रक्कम दोन-तीन वर्षांत द्यायची असेल तर तारखा आणि रकमा करारात घाला. तोंडी काही नको.

एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. ठाणे जनता (टीजेएसबी), डोंबिवली नागरी, कल्याण जनता अशा आपल्या भागात वाढलेल्या सहकारी बँकांतही विचारा. फ्लोटिंग व्याजाचं गृहकर्ज दुसरीकडे नेताना मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

पायरी 4: इमारत खरी आहे ना?

डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवा. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. रेरा क्रमांक होता, तरी रहिवासी अडकले. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेत जाऊन पडताळा. इमारत बेकायदा निघाली तर तो दहा लाखांचा हिस्सा कशाचा विकत घेताय?

पायरी 5: सह्यांचा क्रम चुकवू नका

आधी कर्जाचं मंजुरीपत्र. मग दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्राची नोंदणी आणि त्याच वेळी बँकेमार्फत पैसे. शेवटी सोसायटीच्या भागपत्रावर नाव. हक्कसोडपत्र झालं म्हणून जुन्या कर्जातून त्याचं नाव आपोआप निघत नाही, आणि तुमचंही नाही. जुनं कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात घ्या.

घाईत घर सोडू नका आणि घाईत सहीही करू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पत्नीला सामायिक घरात राहण्याचं संरक्षण आहे. तो मालकी हक्क नव्हे, पण वेळ मिळतो.

आणि एवढं करूनही आकडे जुळले नाहीत तर? घर विका, कर्ज फेडा, आपले 10 लाख घ्या आणि टिटवाळा-बदलापूरकडे लहान घर बघा किंवा काही वर्षं भाड्याने राहा. ही हार नाही. चालता धंदा हातात असेल तर घर पुन्हा होतं.

आजचा गृहपाठ: मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि दर महिन्याला खरोखर किती उरले ते लिहा. तो आकडा समोर ठेवूनच बोलणीला बसा.