उलटी बाजूच नसलेला टाका

इरकल साडीवर भरलेली कसुतीची गोपुरे, पालख्या, तुळशीवृंदावने आपण पाहिलेली असतात. पण तो पदर कधी उलटून पाहिलाय? गवंती टाक्यात भरलेले गोपूर मागेही तेच, तितकेच रेखीव! ना गाठ, ना लोंबता दोरा. मग कापडाची उलटी बाजू गेली कुठे?

धारवाड-हुबळीकडच्या या भरतकामात नक्षी छापून घेत नाहीत. भरणारी बाई कापडाचे धागे मोजते, बस्स. आणि गवंती म्हणजे तरी काय? आपला शाळेतला धावदोरा, दुहेरी केलेला.

मॅटी कापडाचा तुकडा घ्या. सुई बोथट टोकाची हवी, म्हणजे धागे चिरत नाहीत. चार धागे वरून, चार धागे खालून, असे टोकापर्यंत जा. वर तुटक रेघ, खालीही तुटकच. फक्त वर जिथे टाका, तिथे खाली फट. आता त्याच भोकांतून माघारी फिरा. वरच्या फटी बुजतात, आणि त्याच फेरीत खालच्याही! परतताना सुई दरवेळी आधीच्या टाक्याच्या एका अंगाने वर काढायची, दुसऱ्या अंगाने आत घालायची. यात घोळ झाला की रेघ नागमोडी झालीच. गाठ मारायचीच नाही. दोऱ्याचे शेपूट मोकळे सोडून मागाहून टाक्यांखाली दडवायचे.

सरळ रेघ जमली. पण गोपुराला कळस फुटतात, त्यांचे काय? फाट्यावरून आतल्या गावात जाऊन पुन्हा हमरस्त्याला लागणाऱ्या एसटीसारखी सुई प्रत्येक कळसाला जाऊन येते. इथे चक्क गणितज्ञ ऑयलरचा नियम आहे! एकही वाट दुसऱ्यांदा न तुडवता सगळ्या वाटा फिरून निघाल्या जागी यायचे, तर प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या वाटा सम हव्यात. इथे प्रत्येक रेघेवरून दोरा दोनदा जातो, एकदा वरून, एकदा खालून. म्हणजे संख्या आपोआप समच. नक्षी फक्त सलग हवी. मग ती कितीही गुंतागुंतीची असेना का!

युरोपातही हा टाका होताच. १५३६च्या सुमारास हॅन्स होल्बाइनने राणी जेन सीमूरचे चित्र रंगवले, त्यात तिच्या कफांवर काळ्या दोऱ्याची नक्षी आहे. अशा चित्रांमुळे तिकडे याला होल्बाइन टाका म्हणतात. भरले बायांनी, नाव चित्रकाराचे!

तर पुढच्या वेळी दुकानदाराने कसुती म्हणून साडी उलगडली की आधी पदर उलटा करा. कसुतीतल्याच मेंथी टाक्याच्या फुल्या मागे वेगळ्या दिसतील, ते चालायचेच. पण गवंतीच्या रेघेमागे गाठींचा गुंता दिसला, तर अस्सल कसुतीचा भाव देऊ नका.