शी की सी?

शनिवारची सकाळची शाळा सुटली, पोरं खिचडी खाऊन घरी गेली आणि तिसरीच्या बुटक्या बाकांवर आम्ही सतरा शिक्षक गुडघे दुमडून बसलो. ब्रह्मपुरी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. बाहेर धान निघालेल्या मोकळ्या बांध्या. आत फळ्यासमोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर माझाच तास.

या बैठकीला आम्ही ‘टॅग’ म्हणतो, म्हणजे टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ साली ‘तेजस’ उपक्रमात असे गट नऊ जिल्ह्यांत सुरू केले. इथे वरून कोणी तज्ज्ञ येत नाही. आपल्यातलाच एक जण समन्वयक होतो आणि आपापल्या वर्गात काय घडलं ते सगळ्यांसमोर मांडायचं, एवढंच. याआधीची प्रशिक्षणं मी भरपूर केली आहेत. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला. कालव्याच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचतं तेवढंच आमच्यापर्यंत पोचायचं. टॅग म्हणजे आमच्याकडची बोडी, छोटं तळं. शेताच्या डोक्यावरची, आपली आपण खोदलेली. लहान असते, उन्हाळ्यात आटतेही, पण हाताशी असते.

समन्वयक सर म्हणाले, “आता दहा मिनिटं फक्त इंग्रजीत बोलायचं.”

सतरा जण पंख्याकडे बघायला लागले.

यात हसण्यासारखं आहे, पण सगळंच नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. आमच्यातल्या निम्म्यांनी स्वतः एबीसीडी गिरवली ती पाचवीत. चाळीस शब्दांवर चालणारा पहिलीचा तास निभावतो, पण सोबतच्या मास्तरांसमोर तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटतो. शेवटी कोंडी फोडली ती दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणाऱ्या एका सरांनी. रात्रभर खलनायक करून आले होते, डोळे तांबारलेले. “आय ॲम हंग्री” हे एकच वाक्य त्यांनी आधी दरडावून म्हटलं, मग रडत, मग चोरासारखं कानात. सगळ्यांनी मागोमाग म्हटलं. वाक्य पंधरा वेळा झालं आणि कोणाला कंटाळा आला नाही. तालमीत असंच करतो जी, म्हणाले.

मग माझा व्हिडिओ. सात मिनिटांचा. प्रत्येकाच्या हातात कागद, मधोमध उभी रेघ. मी बोलले की डावीकडे एक काडी, मूल बोललं की उजवीकडे. शेवटी मोजलं तर माझ्या एकतीस, मुलांच्या नऊ. नवातल्या सात एका सुरात ओरडलेल्या ‘येस मॅडम’च्या. उरल्या दोन.

एका मॅडमनी मोबाइलवर वेळ लावली होती. प्रश्न विचारल्यावर मी उत्तरासाठी किती थांबते? सेकंदभरही नाही. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. आम्ही घड्याळ लावून तीन सेकंद गप्प बसून बघितलं. फार लांब असतात.

त्या दोन काड्यांपैकी एक एका पोराची होती. चित्रात मुलगी झाडाला पाणी घालते आहे. तो म्हणाला, “सी इज गिविंग वॉटर.” व्हिडिओत मी लगेच, “सी नाही, शी! शी!” चारदा. चौथ्या वेळी तो खाली बघतो. मला वाटलं होतं, हा माझ्या तासातला चांगला भाग.

“घरी तो शाळेला काय म्हणते?” एका जुन्या गुरुजींनी विचारलं.

“साळा.”

“मंग?”

आमच्या झाडीबोलीत ‘श’ नाही, ‘ण’ नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथलीच आहे. पण डीएडच्या चौकटीत शिरल्यावर माझ्याच आजीची बोली मला चूक दिसायला लागली. ‘गिविंग वॉटर’ ही खरी मराठीतून उचललेली रचना, झाडाला पाणी देतो तशी. ती मात्र माझ्या नजरेतून निसटली होती. त्यावरून वाद झाला. नवे सर म्हणाले, ‘वॉटरिंग’ शिकवायलाच हवं. गुरुजींचं म्हणणं, पोरगा पुरं वाक्य बोलला, आज तेवढं पुरे. माझं मत गुरुजींकडे झुकतं, पण नेहमीच नाही. ‘शीट’ आणि ‘सीट’ची गंमत एका सरांनी सांगितली तेव्हा बाकं हादरली.

तोडगा पहिली-दुसरीच्या मॅडमकडून आला. वर्ग गप्प करायला बोट ओठांवर ठेवून काय करता? श्श्श. तो आवाज प्रत्येक पोराच्या तोंडात आहेच, फक्त शब्दात बसवायचा आहे.

चारला बैठक आवरली. जंगलातल्या रस्त्याने जाणाऱ्यांनी जोडीजोडीने गाड्या काढल्या. या दिवसांत संध्याकाळी एकटं कोणी निघत नाही, वाघ आहे.

सोमवारी मी बोट ओठांवर ठेवलं. अख्खा वर्ग श्श्श. मग श्श्श-ई. त्या पोरानेही म्हटलं, दात काढून. मी कुत्र्यामागे पळणाऱ्या मुलीचं चित्र दाखवलं, प्रश्न विचारला आणि मनातल्या मनात तीन मोजले. दोनवर त्याने हात वर केला.

“सी इज रनिंग, मॅडम. डॉग इज... डॉग इज हॅपी.”